झाकली मूठ सव्वा कोटींची

कर्करोगावर काही नवं सुचलंय? अभिनंदन. आता ते बारा पानांत लिहा. कुठला प्रयोग आधी, कुठला नंतर, कुठे अडेल, अडल्यावर काय करणार, सगळं पायरीपायरीने मांडा. आणि मग तो कागद अशा तिघांच्या हाती द्या, ज्यांना नेमकं हेच सुचायचं राहून गेलं होतं.

घाबरू नका. त्यांनी गुप्ततेच्या कागदावर सही केलेली आहे.

वैद्यकीय संशोधनाचा पैसा जगभर साधारण याच रीतीने वाटला जातो. अर्ज येतो, त्या विषयातले जाणकार तो वाचतात, गुण देतात, बंद दाराआड बसून शिफारस करतात. विषय जितका बारीक, तितके जाणकार मोजके. आणि मोजके म्हणजे कोण? एक तर तुमचे मित्र, नाही तर तुमचे स्पर्धक. दोन्हींत न बसणारा कुणी सापडलाच, तर त्याला विषय कळत नसतो.

अमेरिकेतली नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, म्हणजे एनआयएच, ही या व्यवहारातली सर्वांत मोठी सरकारी तिजोरी. तिथे एकेक अर्ज साधारण तीन परीक्षकांकडे जातो. ते १ ते ९ असे गुण देतात. १ म्हणजे अत्युत्तम, ९ म्हणजे टाकाऊ. सगळ्यांत कमी गुणवाला जिथे पहिला येतो, तिथे बाकीचं गणित सरळ असेल अशी आशा धरावी कशाला?

सुरुवातीच्या गुणांवरून तळाला गेलेल्या साधारण निम्म्या अर्जांवर तर बैठकीत चर्चाही होत नाही. महिनोन् महिने रात्री जागवून लिहिलेल्या कागदावर शेरा पडतो: चर्चा नाही.

नापास होण्यासाठीही आधी पेपर तपासला जावा लागतो, एवढीच बिचाऱ्याची अपेक्षा असते.

परीक्षकांचे अभिप्राय अर्जदाराला मिळतात. त्यांवर नाव नसतं. परीक्षक एक, परीक्षक दोन, परीक्षक तीन, एवढंच. गंमत अशी की समितीत कोण कोण बसलंय ही यादी आधीच जाहीर असते. मग प्रयोगशाळेत कामं बाजूला पडतात आणि यादी टेबलावर येते. ‘हा दोन नंबर बॉस्टनवालाच. गेल्या वर्षी परिषदेत असाच खवचट प्रश्न विचारला होता त्याने.’ ‘छे, हा तर ह्यूस्टनचा. उंदरांचं वय काढण्याची खोड त्याचीच.’ एकमत झालं की त्या माणसाशी जन्माचं वैर धरलं जातं. त्या बापड्याने कदाचित सर्वांत चांगले गुण दिलेले असतात.

आणि शेरे तरी काय? मोठा प्रश्न हाती घेतलात, तर ‘अवास्तव महत्त्वाकांक्षी’. छोटा घेतलात, तर ‘फारसं नवीन काही नाही’. मधला घेतलात, तर ‘प्राथमिक पुरावा अपुरा’. म्हणजे पैसे मिळण्यासाठी काम आधी करून दाखवायचं. ते करायचं कुणाच्या पैशाने? मागच्या अनुदानाच्या. आणि ज्याला मागचं अनुदान नाही त्याने?

त्याने प्राथमिक पुरावा जमवावा.

खरं कारण सांगायचं नाही, हा दंडक ठरवून केलेल्या लग्नांतही पाळतात. पण तिथे निदान ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणून दोन्हीकडची मंडळी मोकळी होतात. इथे चार पानी अभिप्राय लिहितात.

आता गुप्ततेची बाजूही ऐकून घेऊ. कारणं दोन सांगतात. एक, अर्जदाराची कल्पना फुटू नये. दोन, परीक्षकाला मोकळेपणाने लिहिता यावं. दोन्ही कारणं रास्त आहेत. पस्तिशीतल्या प्राध्यापिकेने एखाद्या बड्या धेंडाच्या अर्जाला ‘पोकळ’ म्हणायचं आणि खाली नावानिशी सही करायची? पुढच्या वर्षी तिचा अर्ज त्याच धेंडाच्या टेबलावर जायचाय. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेईल? तेव्हा नाव झाका. बिलकूल तक्रार नाही.

पण नावाबरोबर गुण, हिशेब, लागेबांधे असं सगळंच पांघरुणात गेलं, तर त्या पांघरुणाखाली काय चाललंय हे एकदा तरी बघायला नको?

एकदा बघितलं गेलं. स्वीडनमध्ये.

१९९५ साल. तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडे डॉक्टरेटनंतरच्या फेलोशिपसाठी ११४ अर्ज आले. ६२ पुरुषांचे, ५२ स्त्रियांचे. फेलोशिपा २०. पैकी पुरुषांना १६, स्त्रियांना ४. अशा वेळी द्यायचं उत्तर जगात सगळीकडे छापून तयार असतं: आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो.

गोथेनबर्ग विद्यापीठातल्या क्रिस्टीन वेनेरॉस आणि अ‍ॅग्नेस वोल्ड या दोघी म्हणाल्या, मग आम्हालाही पाहू द्या. त्यांनी परीक्षकांनी दिलेले गुण मागितले. परिषद म्हणाली, हे सरकारी कागद नव्हेतच. पैसा सरकारी, परिषद सरकारी, फक्त गुणांचा कागद तेवढा घरचा!

पण स्वीडनमध्ये सरकारी कागद पाहण्याचा हक्क १७६६ पासून कायद्यात आहे. (आपल्याकडे तेव्हा पानिपताला पाच वर्षं झाली होती आणि थोरले माधवराव विस्कटलेली घडी बसवत होते.) मामला कोर्टात गेला. कोर्ट म्हणालं, कागद सरकारीच आहेत. देऊन टाका.

मूठ उघडली.

आत काय निघालं ते दोघींनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये छापलं. अर्जदाराचे शोधनिबंध किती, कुठे छापले, इतरांनी त्यांची दखल किती घेतली, हे सगळं मोजून परीक्षकांच्या गुणांशेजारी ठेवलं. निष्कर्ष असा की पुरुषाला सरासरी जेवढे क्षमतेचे गुण पडत, तेवढे मिळवायला स्त्रीचं काम सुमारे अडीचपट हवं होतं. ‘नेचर’ किंवा ‘सायन्स’च्या तोडीचे तीन निबंध जास्तीचे, किंवा त्या त्या विषयाच्या चांगल्या नियतकालिकांतले वीस जास्तीचे. वीस! एवढे लिहून होईपर्यंत बाईंची फेलोशिपची वेळ निघून जाऊन परीक्षक व्हायची वेळ यायची.

फक्त परीक्षक म्हणून त्यांना बोलावणार कोण, हा प्रश्न उरतो.

दुसरा निष्कर्ष आणखी झणझणीत. समितीतल्या एखाद्या सदस्याशी अर्जदाराचे संबंध असले, तर गुण वाढत. यात नवल नाही, असं वाटेल. पण थांबा. नियमाप्रमाणे संबंधित सदस्य त्या अर्जाला गुण देतच नव्हता. गुण बाकीचे देत होते. म्हणजे साहेब दाराबाहेर गेले, वजन आत राहिलं.

स्त्री असणं आणि वर कुणाची ओळखही नसणं, हे दोन्ही एकत्र आलं की खेळ जवळपास संपलाच.

या समितीतली माणसं लबाड होती का? मला तसं वाटत नाही. शपथेवर विचारलं असतं तर प्रत्येकाने छातीवर हात ठेवून ‘मी निःपक्षपाती’ म्हटलं असतं, आणि ते त्याला खरंही वाटत असतं. घोळ नेमका इथेच आहे. एकेक अभिप्राय वाचून काहीच कळत नाही. सगळे गुण एका कागदावर आले की मगच कळतं. आणि सगळे गुण एका कागदावर येऊ नयेत, याच व्यवस्थेला तर गुप्तता म्हणतात.

स्वीडन सुधारलं का? २००४ सालच्या अर्जांचा असाच हिशेब पुन्हा मांडला गेला. तो २००८ साली छापून आला. स्त्रियांवरचा अन्याय गेला होता. उलट त्यांना सुमारे १० टक्के वाढीव गुण पडत होते. आणि ओळखीपाळखीचं काय? तिथे वाढ १५ टक्के.

नऊ वर्षांत स्त्री-पुरुष समता आली. काका-मामा जागचे हलले नाहीत.

अमेरिकेत २०११ साली कळलं की एनआयएचच्या मुख्य अनुदानात कृष्णवर्णीय अर्जदारांना यश मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा सुमारे १० टक्के-अंकांनी कमी आहे. पुन्हा तेच: गुप्त गुणांचा ढीग कुणीतरी मोजायला बसलं, म्हणून कळलं. पुढे २०२५ पासून एनआयएचने संशोधक आणि त्याची संस्था यांना वेगळे गुण देणंच बंद केलं. पुरेसे सक्षम आहेत का, एवढंच बघायचं. उद्देश हा की मोठ्या नावांनी परीक्षकांचे डोळे दिपू नयेत. गोथेनबर्गच्या दोघींचा निबंध छापून तोवर २८ वर्षं झाली होती.

विज्ञान वेगाने पुढे जातं म्हणतात. जात असेल.

अमेरिकेत झाकली मूठ कोर्टात जाण्याचा प्रसंग स्वीडनच्याही आधी आला होता. वॉशिंग्टन रिसर्च प्रोजेक्ट नावाच्या संस्थेने सरकारी अनुदानावर चाललेल्या ११ प्रकल्पांची कागदपत्रं मागितली. प्रकल्प कसले? वर्तनाच्या तक्रारी असलेल्या लहान मुलांवर मनावर परिणाम करणारी औषधं वापरून पाहण्याचे. सरकारचा बचाव असा की संशोधनाचा आराखडा हे धंद्याचं गुपित आहे. १९७४ साली अपील कोर्टाने हा बचाव उडवून लावला. ज्याला नफा कमवायचा नाही त्या वैज्ञानिकाला धंदा कसला आणि धंद्याचं गुपित कसलं? अर्ज उघडा करा.

मग परीक्षकांचे अभिप्राय? गुलाबी कागदावर यायचे म्हणून त्यांना ‘पिंक शीट’ म्हणत. कोर्ट म्हणालं, ते सरकारचे आतले विचारविनिमयाचे कागद. ते झाकलेले राहू द्या.

म्हणजे ज्याची कल्पना होती तो उघडा पडला आणि ज्याचं मत होतं तो पांघरुणात राहिला. मुलांच्या बाजूने पाहिलं तर निम्मा निकाल उत्तम. उरलेल्या निम्म्याचं काय? या मुलांना ही औषधं द्यायला हरकत नाही, असं कोण म्हणालं आणि का म्हणालं, हे मुलांच्या आईबापांनी कुणाला विचारायचं?

बरं, एवढ्या कडेकोट व्यवस्थेत निदान कल्पना तरी सुखरूप राहते ना? ऑगस्ट २०१८ मध्ये एनआयएचचे तेव्हाचे संचालक फ्रान्सिस कॉलिन्स यांनी दहा हजारांहून अधिक संस्थांना पत्र धाडलं. त्यातली एक चिंता अशी की काही परीक्षक अर्जांतली गुप्त माहिती बाहेर देतात, परदेशांतही देतात. पुढे चौकशा झाल्या, काहींच्या नोकऱ्या गेल्या. कुंपणच शेत खात होतं, एवढं मालकाने लेखी कबूल केलं.

निबंधांच्या परीक्षणातही हेच. २०१६ साली मायकेल डॅन्सिंगर या अमेरिकी डॉक्टरने एक अनावृत पत्र छापलं. त्याने पाठवलेला निबंध एका नियतकालिकाने नाकारला होता. मग तोच निबंध तिथल्या एका परीक्षकाने स्वतःच्या नावाने दुसरीकडे छापून आणला. पत्राचा मायना होता: प्रिय वाङ्मयचोरास.

परीक्षकाला आपला निबंध मनापासून आवडला, याची याहून भक्कम पावती कुठली मिळणार?

चला, चोऱ्या अपवाद आहेत असं धरू. लाग्याबांध्यांकडेही क्षणभर काणाडोळा करू. पण गुण तरी खरे असतात की नाही? २०१८ साली अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी एका प्रयोगाचा हिशेब छापला. त्यांनी एनआयएचसारख्याच समित्या बसवल्या होत्या. ४३ जाणकार, २५ कर्करोगविषयक अर्ज. अर्जही सोम्यागोम्याचे नव्हते, खरोखर अनुदान मिळालेले होते. निकाल काय लागला? एकाच अर्जाला दोघांनी दिलेल्या गुणांत जेवढं साम्य, तेवढंच दोन वेगळ्या अर्जांना मिळालेल्या गुणांत.

हे वाक्य पुन्हा वाचा. हळू वाचा.

मारिओ कॅपेकी यांना हे अनुभवाने आधीच ठाऊक होतं. युटा विद्यापीठातल्या या गृहस्थांनी १९८० साली एनआयएचकडे तीन कामांसाठी पैसे मागितले. परीक्षकांना दोन कामं पसंत पडली. तिसरं, सस्तन प्राण्यांच्या पेशीत नेमका हवा तो जनुक बदलण्याचं, सोडून द्या म्हणाले. होणारच नाही ते. कॅपेकींनी मान डोलावली आणि बहुतेक सगळा पैसा तिसऱ्यावरच लावला. १९८४ साली पुढच्या अर्जाच्या वेळी ते काम उभं राहिलेलं होतं. आमचा सल्ला ऐकला नाहीत हे बरं केलंत, अशा अर्थाचं त्यांना कळवण्यात आलं. २००७ साली त्याच कामाला नोबेल मिळालं.

एनआयएचच्या कामगिरीत अशी नोबेलंही मोजली जातात. सल्ला न ऐकल्याबद्दलची वेगळी यादी नसते.

आपल्याकडे? आपल्याकडे हा गुंता सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच सोडवून ठेवलाय. फक्त तो शाळकरी पोरांसाठी. सीबीएसईच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला बघायला मिळाली पाहिजे. तपासनिसाचं नाव मात्र झाकून ठेवा. झालं की! गुण उघडे, नाव झाकलेलं. मोकळेपणाही राहतो आणि हिशेबही राहतो. शाळकरी पोराला जे कळलं, ते संशोधनाच्या तिजोऱ्यांना का कळू नये?

आता उद्या इथल्या कुणी दोघींनी गोथेनबर्गसारखा हिशेब मांडायचं ठरवलं, आणि सगळ्या अर्जांचे सगळे गुण नावं पुसून मागितले, तर? आपल्या माहिती अधिकाराचा आपल्याला कोण अभिमान. महाराष्ट्राने तर केंद्राच्या तीन वर्षं आधी, २००२ साली, स्वतःचा कायदा केला होता. पण केंद्राच्या कायद्यात कलम ८ नावाची एक अडगळीची खोली आहे. विश्वासाने दिलेली माहिती, व्यापारी गुपित, बौद्धिक संपदा, वैयक्तिक माहिती, सगळं तिथे ठेवलेलं. माहिती अधिकाऱ्याने फक्त हात घालायचा. काही ना काही हाती लागतंच.

दरम्यान अर्ज लिहिणाऱ्यांचं काय होतं? ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेकडे २०१२ साली ३,७२७ अर्ज आले. ते लिहिण्यात संशोधकांची मिळून सुमारे ५५० वर्षं गेली, असा अंदाज तिथल्याच अभ्यासकांनी काढला. आपण ५५० वर्षं मागे गेलो तर बहमनी राज्यात पोचतो. आणि यश किती जणांना? पाचांत एकाला.

लिहिणाऱ्याची वर्षं गेली, निदान वाचणाऱ्याने तरी मन लावून वाचावं ना? २०२३ साली ऑस्ट्रेलियातच (हे आरोग्याचं खातं नव्हे, शेजारचं) एका अर्जदाराला आलेल्या अभिप्रायात मजकुराबरोबर दोन शब्द होते: ‘रीजनरेट रिस्पॉन्स’. चॅटजीपीटीच्या पडद्यावरचं तेव्हाचं बटण. परीक्षक महाशयांनी उत्तर चिकटवताना बटणही चिकटवलं होतं.

त्याच वर्षी एनआयएचने परीक्षकांना असली यंत्रं वापरायला बंदी केली. कारण दिलं ते गुप्तताभंगाचं: यंत्रात टाकलेला अर्ज पुढे कुठे जाईल याचा नेम नाही. बरोबरच आहे. कॉलिन्सांच्या पत्रातले अर्ज मात्र कुठल्याही यंत्राविना, नुसत्या माणसांच्या हातून परदेशात पोचले होते.

या सगळ्याला कंटाळून न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३ पासून एका छोट्या योजनेत सरळ चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली. दीड लाख न्यूझीलंड डॉलरपर्यंतचं अनुदान. अर्जदाराचं नाव झाकून, कल्पना खरंच वेगळी आणि करण्याजोगी आहे का, एवढं समिती बघते. जे अर्ज चाळणीतून उतरतात, त्यांची सोडत. ना दोन नंबरचा बॉस्टनवाला, ना मामा, ना काका. पुढे अर्जदारांनाच विचारलं की ही पद्धत पटते का. बहुतेक जण हो म्हणाले. त्यातही ज्यांची चिठ्ठी निघाली होती त्यांना ती बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त पटली होती.